अकरा ओळी, चाळीस कात्र्या

एरहार्ड नोस्केचं नाक त्याच्या चुलतभावाने आजवर तीनदा मोडलंय. तिन्ही वेळा ते मीच जागेवर बसवलं, त्यामुळे ते आता जरा डावीकडे कललंय ह्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटतं. मी इर्मा. शोनबाखच्या बेकरीत भट्टी सांभाळते आणि गावाची ॲम्ब्युलन्स चालवते. ॲम्ब्युलन्सचं काम बिनपगारी, हौसेचं. ॲडलेडजवळच्या आमच्या बरोसा खोऱ्यातल्या बाकीच्या गावांत ही हौस करणाऱ्या बायका वर्षभर विणकाम करत बसतात. मला नोस्के मंडळींनी टाके घालण्यापलीकडे कधी सुई हातात धरू दिली नाही.

भांडण एका द्राक्षवेलीचं. एरहार्ड आणि बेनो ह्यांच्या आजोबाने मरायच्या आधी जमीन दोन मुलांत वाटली. नकाशावर रेघ मारली ती सुताराच्या जाड पेन्सिलीने, आणि म्हाताऱ्याला तेव्हा दिसत होतं अर्धंच. मोजणीवाला आला, त्याने इमानदारीत त्या रेघेवर कुंपण घातलं आणि तार गेली ती कोपऱ्यातल्या एका जुन्या वेलीला घासून. दीडशे वर्षांची वेल, बैलाच्या मानेएवढं खोड. तिने काही वर्षांत ती तारच गिळून टाकली. आता एक ओलांडा, म्हणजे आडवी फांदी, एरहार्डकडे, एक बेनोकडे आणि तार पोटात.

परका माणूस ऐकतो आणि लगेच म्हणतो, मग आपापली बाजू छाटा की. परक्या माणसाला काय जातंय. एरहार्ड म्हणतो, मूळ माझ्याकडे आहे. बेनो म्हणतो, तू खाली जाऊन बघून आलास का? एकदा दोघांनी खरंच बघायचं ठरवून खणायला घेतलं. कमरेएवढ्या खड्ड्यात बेनोने एरहार्डचा कान चावला. सात टाके.

आमचा हिवाळा जूनमध्ये, छाटणीही तेव्हाच सुरू होते, पानं गळून वेली काटक्यांसारख्या उभ्या राहिल्या की. जुलै संपायच्या आत ज्याची छाटणी झाली नाही त्याच्या घरात कुणीतरी मेलंय नाहीतर दारू फार झालीय, असं गाव धरून चालतं. रविवारी चर्च सुटलं की सगळे आपापल्या गाड्यांतून अगदी सावकाश, एकमेकांच्या बागा न्याहाळत घरी जातात. एरहार्डची बाग बघायला तर गाड्या थांबायच्या. छाटणीच्या शर्यतीचा कप त्याने नऊ वेळा जिंकलाय. त्याच्या अकरा ओळी सगळ्यांच्या आधी तयार, एकेक वेल भांग पाडलेल्या पोरासारखी.

अकरा ओळी संपवून तो शेवटी कोपऱ्यातल्या वेलीपाशी जायचा. तिथे बेनो फावडं घेऊन उभा असायचा. दरवर्षी. एका वर्षी एरहार्डच्या दोन बरगड्या गेल्या. एका वर्षी बेनोच्या गुडघ्याची वाटी, खांब ठोकायच्या घणाने. मग दोघेही दोन-तीन महिने पट्ट्यांत, आणि वेल तशीच झिंज्या सोडून उभी. ऑक्टोबरात ज्याला आधी कात्री धरता येईल तो, दुसरा दातांच्या डॉक्टरकडे गेलाय असं बघून, धावत जाऊन तिला छाटून यायचा. तोवर बाकीच्या बागेत वीतभर कोवळे फुटवे डोलत असायचे.

हे असं छान चाललं होतं. मग उन्हाळे बिघडले.

पूर्वी आमचा तोडणीचा हंगाम मार्च-एप्रिलचा. आता फेब्रुवारीतच पारा शेहेचाळीसवर जातो आणि चार-चार दिवस खाली यायचं नाव घेत नाही. वेल बिचारी तिच्या परीने करते. दुपार झाली की पानं आपली बारीक तोंडं मिटून घेतात, कडा वळवून उन्हाला पाठ दाखवतात, आणि मुळं ओल शोधत आणखी खाली जातात. पण नेमकी तेव्हाच मण्यांत साखर भरत असते. मऊ पडलेला मणी असल्या उन्हात आधी उकडतो, मग सुरकुततो. लागोपाठ तीन वर्षं एरहार्डच्या अकरा ओळींवर वाइनची द्राक्षं न येता मनुका आल्या.

तिसऱ्या वर्षी द्राक्षं घेणाऱ्या कंपनीचा ग्लेन येऊन उभा राहिला. "एरहार्ड, पुढच्या हंगामातही हेच झालं तर आम्ही माल घेणार नाही. ह्या वेली उपट. दक्षिण इटलीतली एक जात आहे, ऊन पचवते. ती लाव. बुलडोझर मी सांगून ठेवतो पुढच्या मार्चसाठी."

"ह्या वेली माझ्या पणजोबाच्या बापाने लावल्यात."

"मग त्याला फोन लाव आणि विचार काय करायचं."

एरहार्डने ग्लेनला काखेत धरून उचललं आणि द्राक्षांच्या मोठ्या पेटीत आपटलं. आधी पाय, मग ते दुमडेनात म्हणून वरून ढोपराने दाबून बाकीचा. मी ग्लेनच्या पाठीतल्या फळकुटाच्या ढलप्या उपसत होते तेव्हा एरहार्ड ओळींमधून एकेका खोडावर हात ठेवत चालला होता. पासष्ट वर्षांचा माणूस, बायको नाही, पोर नाही. वेली मात्र तो नावानिशी ओळखतो, म्हणजे ही आळशी, ही खादाड, ही दर सालाआड रुसणारी. बुलडोझर आलाच तर त्याला आधी एरहार्डवरून जावं लागेल हे ग्लेनलाही दिसत होतं. मला त्यात माझं एक वेगळं काम दिसत होतं.

पाठ साफ झाल्यावर ग्लेन आडोसा शोधत कोपऱ्यात गेला, माणूस घाबरल्यावर जातो तसा, आणि पँट सावरत परत आला. "ती कोपऱ्यातली कुठली जात आहे?"

कोपऱ्यातली वेल हिरवीगार होती. मणी वाटाण्यासारखे कडक, आंबट. तेवीस दिवसांनी, ऊन उतरल्यावर, ते निवांत पिकले.

गावाला हे कळायला एक दुपार पुरली. उन्हाला न भिणारी वेल म्हटल्यावर जो तो तिच्या काड्या, त्यांच्यावरच्या डोळ्यांसकट, म्हणजे कोंबांसकट, चोरायला यायला लागला, आपल्या बागेत कलमं भरायला. गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवणारा वाल्डेमार विजारीच्या पायांत चार काड्या खोचून ताठ्याने निघाला होता. एरहार्डने त्याला पहारीने आडवा केला. पास्टर क्लेमेन्सच्या झग्याच्या बाहीत दोन सापडल्या.

"देवाची निर्मिती आहे, एरहार्ड," पास्टर म्हणाले.

"मग त्याच्याकडून मागून घ्या," एरहार्ड म्हणाला आणि बाही खांद्यापासून उपसून काड्यांसकट ठेवून घेतली. पास्टरांचा खांदाही थोडा सोबत आला. तो मी बसवला. पलीकडे बेनोने पाखरं हाकलायची गॅसची तोफ लावली होती, माणसाच्या कानाच्या उंचीवर.

शेवटी ॲडलेडच्या एका संशोधन केंद्रातून डॉ. एलेनी आली. मरे नदीकाठच्या ग्रीक बागायतदाराची पोरगी, बोलायला फटकळ. पानं, काड्या, सालीचे तुकडे घेऊन गेली आणि मे महिन्यात निकाल घेऊन थेट बेकरीत. एरहार्ड तिथेच कॉफी ढवळत बसला होता.

"काही वेगळं नाहीये," ती म्हणाली. "ही आणि तुमच्या बाकीच्या वेली, सगळ्या एकाच आईच्या. तसूभर फरक नाही."

एरहार्डचा चमचा थांबला. "मग ती का नाही भाजली?"

"तेच विचारायला आलेय. तिला काही खास देता? खत? पाणी?"

"रक्त," मी म्हटलं.

"काकू, मी दीड तास गाडी चालवून आलेय."

"अगं, मस्करी नाही. दरवर्षी सांडतं तिथे." मी ॲम्ब्युलन्सची वही तिच्यापुढे टाकली. ती एकेक पान वाचत गेली. जून, फावडं, बरगड्या. जुलै, घण, गुडघा. जून, कान, चावून.

"आणि हिची छाटणी कधी होते?"

"हाडं जुळली की. ऑक्टोबर उजाडतो."

तिने वही मिटली आणि कपाळावर हात मारून घेतला. मग पावाच्या काडीवर खुणा करत एरहार्डला सांगायला लागली. छाटली नाही तर काडीच्या शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालच्यांना झोपवून ठेवतात. ऑक्टोबरात शेंडे उडवले की मग कुठे खालचे जागे होतात. महिनाभर उशिरा उठलेली वेल तितकीच उशिरा पिकायला लागते. फेब्रुवारीचं ऊन येतं तेव्हा तिचे मणी कच्चे, दगडासारखे असतात. दगडाला ऊन काय करणार?

"वेल तीच आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही तिला उशिरा उठवता, एवढंच."

"म्हणजे बेनोने मला हाणलं म्हणून ती वाचली."

"अहवालात मला असं लिहिता येणार नाही. पण हो."

एरहार्डने पावाची काडी तिच्या हातातून काढून घेतली. "आणि अकराच्या अकरा ओळी ऑक्टोबरपर्यंत तशाच ठेवल्या तर?"

"तर तुमचा बुलडोझर परत जाईल."

त्याने आम्हा दोघींना भट्टीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. भट्टी तापलेली होती. "कुणाला बोलायचं नाही. त्या बेनोला कळलं ना की त्याच्या फावड्याने वेल जगली, तर तो फावडं चर्चमध्ये नेऊन त्याला फुलं वाहील."

जून उजाडला. गावभर कात्र्या वाजायला लागल्या आणि एरहार्ड घरात बसून राहिला. सोपं नव्हतं ते. पन्नास वर्षं ज्या हातांनी जूनमध्ये कात्री धरली ते हात शिवशिवणारच. त्याने गुलाब छाटले, कुंपण छाटलं, स्वतःच्या भुवया छाटल्या, मग मांजराकडे बघायला लागला. मांजर माझ्याकडे राहायला आलं. रविवारी गाड्या त्याच्या बागेपाशी थांबायच्या आणि आतली माणसं माना हलवून पुढे जायची. एरहार्ड पडद्याआड उभा राहून कुणी किती वेळा मान हलवली ते मोजायचा.

तिकडे बेनो कोपऱ्यात फावडं घेऊन उभा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोकडून खुर्ची मागवली. पाचव्या दिवशी त्याच्याच्याने राहवेना. तो एरहार्डच्या दारात गेला, दार वाजवलं आणि उघडल्याबरोबर फावडं घातलं.

"पाच दिवस थांबलोय मी," तो म्हणाला. "यायचं नव्हतं तर निरोप धाडायचास. माणसाने काही रीत पाळावी."

गळ्याखालचं हाड, दोन ठिकाणी. एरहार्डने पडता पडता दाराशी सुकत टाकलेला सॉसेज ओढून बेनोच्या दाढेवर हाणला. आमचे सॉसेज धुरात दोन महिने असतात, टणक होतात. दोन दाढा. दोघांना एकाच फेरीत नेलं. बेनो संध्याकाळी घरी आला. एरहार्डच्या हाडात धातूची पट्टी बसवावी लागली, जखम चिघळली, आणि जुलै अर्धा उलटला तरी तो हॉस्पिटलातच.

आता आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला फुलं नेत नाहीत. कात्र्या नेतात. तो पडून असताना अख्खं गाव त्याच्या बागेत उतरतं आणि छाटणी उरकून टाकतं, सोबत बँड आणि केक. त्याला आधी सांगायचं नाही, विचारायचं तर नाहीच. घरी आल्यावर त्याने बाग बघून रडायचं, अशी पद्धत आहे.

महिला मंडळाची हिल्डेगार्ड बेकरीत आली. "इर्मा, शनिवारी चाळीस माणसांचा चुऱ्याचा केक लागेल. एरहार्डची बाग करतोय आपण."

माझ्या हातातून पिठाचा गोळा खाली पडला. "नको गं. त्याला नाही आवडणार."

"कुणालाच आवडत नाही. म्हणून तर न विचारता करायचं."

"खरंच सांगते हिल्डे, त्याने मुद्दाम ठेवलीय ती तशी."

"मुद्दाम," ती म्हणाली, आणि लहान पोरीची समजूत घातल्यासारखं हसून केवढा तरी वेळ माझ्या दंडावर थोपटत राहिली. "तुला झोप हवीय, इर्मा."

शनिवारच्या आधी एरहार्डकडून लिहून आणायचं आणि पास्टरांना दाखवायचं, असं मी ठरवलं. पण शनिवारी पाऊस सांगितला म्हणून त्यांनी शुक्रवारीच सुरू केलं. मला कळलं ते सकाळी साडेआठला, केक न्यायला आलेल्या पोरीकडून. पास्टरांना फोन लावला, हिल्डेला लावला, कुणी उचलेना, सगळे बागेत. मी ॲम्ब्युलन्स काढली, भोंगा लावला आणि हॉस्पिटलातून एरहार्डला उचललं. नर्स म्हणाली, डॉक्टरांची सही लागेल. एरहार्डने तिला सलाइनच्या खांबासकट बाथरूममध्ये कोंडलं. तिची माफी मी नंतर दोन केक देऊन मागितली.

आम्ही पोचलो तेव्हा चार ओळी झालेल्या होत्या. तासलेल्या, भांग पाडलेल्या, एरहार्डने स्वतः केल्या असत्या तशा. चाळीस माणसं, चाळीस बॅटरीच्या कात्र्या, कचाकच कचाकच, आणि बांधावर बँड.

एरहार्ड उतरला. हॉस्पिटलचा मागून उघडा झगा, एक हात गळ्यात, पायात माझे बेकरीतले रबरी बूट. "थांबा," तो ओरडला. "हात काढा तिच्यावरून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, राहवलं नाही त्याला," पास्टर क्लेमेन्स गहिवरून म्हणाले आणि त्याला मिठीत घ्यायला पुढे झाले. एरहार्डने त्यांच्या नाकावर कपाळ घातलं. पास्टर रक्ताळलेल्या नाकाने म्हणाले, "औषधांची गुंगी आहे. धरा त्याला, प्रेमाने धरा."

सहा जणांनी प्रेमाने धरलं. खुर्चीत बसवलं, वेल बांधायच्या सुतळीने खुर्चीला बांधलं, मांडीवर घोंगडी आणि हातात केक दिला. मी घसा फाटेस्तोवर सांगत होते, छाटू नका, उशिरा छाटायचीय, ऑक्टोबरात. माझ्याकडे बघून हिल्डे पोरींना म्हणाली, "हिलाही एक खुर्ची आणा."

एरहार्ड खुर्चीसकट उठला. पाठीला खुर्ची, कासवासारखा वाकून, तो पाचव्या ओळीवर तुटून पडला. ओळीच्या तोंडाशी वाल्डेमार होता, भोंगा बाजूला ठेवून छाटायला आलेला. खुर्चीचा पाय त्याच्या कानशिलात बसला, तो गर्रकन वळला, आणि त्याच्या उजव्या हातातली कात्री डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मिटली. पहिलं पेर उडून हिल्डेच्या ट्रेमध्ये पडलं. हिल्डे काटकसरी बाई. तिने तेवढा चौकोन सुरीने वेगळा काढला, माझ्या हातात दिला आणि बाकीचा केक पुढे वाटायला घेतला.

वाल्डेमारने बोटाला रुमाल गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा कात्री उचलली. "एरहार्ड, मित्रा, तू काळजी करू नको," तो म्हणाला. "आम्ही संपवूनच जाणार."

एवढं रक्त बघूनही एक माणूस हलला नाही. आमची माणसं मदतीला आली की अशी असतात. एरहार्डने एकाला चावलं, एकाला खुर्चीखाली चिरडलं, दाढीवाल्या ऑटोची दाढी ओलांड्याच्या तारेत पिळून ठेवली. त्यांनी त्याला पुन्हा उचलून मातीत पालथा घातला आणि वर दोन जाड बहिणी बसवल्या. कचाकच सुरू.

कुंपणापलीकडे बेनो उभा होता. फावड्यावर हनुवटी टेकून, मजेत. त्याने फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं की कोपऱ्यातल्या वेलीला जो हात लावेल त्याचा हात तिथेच पुरीन. बाकीच्या अकरा ओळींशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

एरहार्ड मातीत तोंड असताना म्हणाला, "बेनो. हाकल ह्यांना."

"मी का हाकलू? चांगली छाटतायत. तुझ्यापेक्षा बरी."

"ऑक्टोबरपर्यंत ठेवायचीय. नाहीतर वेली जातील माझ्या. सगळ्या."

"ऑक्टोबर कशाला?"

कचाकच. पाचव्या ओळीतली पहिली वेल गेली. गळ्याखालचं हाड मोडलं तेव्हा एरहार्ड शिट्टी वाजवत ॲम्ब्युलन्समध्ये चढला होता. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कोपऱ्यातली वेल का भाजली नाही माहितीय?" तो म्हणाला. "तू मला मारायचास म्हणून. म्हणून ती उशिरा छाटली जायची. म्हणून ती वाचली."

बेनोची हनुवटी फावड्यावरून उठली. "काय म्हणालास?"

"तुझ्यामुळे वाचली."

"बँड वाजतोय रे. नीट ऐकू नाही आलं."

"तुझ्या फावड्यामुळे वाचली," एरहार्ड ओरडला. नेमका तेव्हाच बँड थांबला होता, आणि हे अख्ख्या शोनबाखने ऐकलं.

बेनोने शांतपणे फावडं कुंपणाला टेकवलं आणि शेडकडे गेला. मला वाटलं, गेला घरी. मग ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे फवारणीची टाकी, आणि टाकीत थंडीत वेलींवर मारतात ते गंधक-चुन्याचं पाणी, काठोकाठ. कुंपण मोडून तो सरळ सहाव्या ओळीत घुसला आणि पंखा चालू केला.

ते पाणी ज्याने हुंगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. हजार कुजकी अंडी एकदम फुटल्यासारखं. डोळ्यांत गेलं तर माणूस आईला हाका मारतो. चाळीस माणसं पिवळी झाली. पास्टर मोडक्या नाकामुळे वासातून वाचले, पण डोळ्यांनी गेले आणि थेट खांबावर. बँडवाले पळताना एकमेकांच्या वाद्यांत अडकले. दोन जाड बहिणी एरहार्डवरून उठल्या त्या बेनोच्या चाकाखाली येता येता राहिल्या, एकीची चप्पल गेली, आणि तिने परत येऊन ट्रॅक्टरवर चढून बेनोच्या दाढेच्या ताज्या भोकावर बुक्की घातली. बेनोने तिला पंख्यापुढे ढकललं. खुर्चीसकट मोकळा झालेला एरहार्ड उरलेल्यांना ढुशा देत बांधापर्यंत नेत होता. त्याच्या झग्याला मागे नाड्या नव्हत्या हे मी आधी सांगितलंच.

त्या दिवशी मी सहा फेऱ्या केल्या. वाल्डेमारचं पेर बर्फात घालून नेलं, पण साखर-लोणी फार लागलं होतं, डॉक्टरांनी नको म्हटलं.

मोजलं तर चार ओळी आणि एक वेल गेली होती. सात ओळी जवळपास अख्ख्या राहिल्या. त्यानंतर गाव एरहार्डशी बोलेनासं झालं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. ऑक्टोबरात त्याने अर्ध्या जुळलेल्या खांद्याने सातही ओळी छाटल्या, एकट्याने. बेनो कुंपणावर बसून पूर्ण वेळ सूचना देत होता आणि मधूनमधून विचारत होता, "कुणामुळे म्हणालास?" नवव्या दिवशी एरहार्डने त्याला कुंपणावरून मागच्या मागे ढकलला. मनगट.

फेब्रुवारीत पाच दिवस सत्तेचाळीस लागलं. वटवाघळं झाडांवरून पिकल्या फळांसारखी पडत होती. गावातल्या बागा एकामागून एक उकडल्या. एरहार्डच्या वेळेवर छाटलेल्या चार ओळीही उकडल्या, मणी तपकिरी, सुरकुतलेले. पाचव्या ओळीपासून पुढे पानं मिटली, लोंबली, पाच दिवस मेल्यासारखी राहिली आणि सहाव्या दिवशी पहाटेच्या गारव्यात पुन्हा सरळ झाली. मणी कच्चे होते. त्यांना काही झालं नव्हतं.

मार्चच्या शेवटी ग्लेन आला. पेट्यांपासून लांब उभा राहून त्याने एकेका ओळीतला मणी चावला. दोन्ही नोस्के त्याच्या मागे उभे होते, तो चावतोय म्हटल्यावर श्वास रोखून.

"सात ओळी घेतो," तो शेवटी म्हणाला. "आणि ह्या चार?"

"त्या गावाने छाटल्या," एरहार्ड म्हणाला.

ग्लेनने चार ओळींकडे बघितलं, सात ओळींकडे बघितलं, मग एरहार्डच्या हातांकडे. "बुलडोझरवाल्याला नको म्हणून सांगतो," तो म्हणाला आणि गाडीचं दार उघडंच ठेवलं होतं त्यात पटकन बसला.

कात्री घेऊन एरहार्ड पहिल्या ओळीत गेला आणि सुकलेले घड काढून खाली टाकायला लागला. दुपारी रस्त्याने वाल्डेमार आला. त्याची स्वतःची बाग अख्खी गेली होती. बांधावर थांबला, टोपी काढली, मग आत आला. गावातून आत पाऊल टाकणारा तो पहिलाच.

"आम्हाला वाटलं, मदत होईल तुला," तो म्हणाला.

एरहार्डने त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. सगळं अंग मागे नेऊन, नीट. वाल्डेमार दोन वेलींच्या मधे बसला आणि बसून राहिला. मी औषधांची पेटी घेऊन निघाले होते, एरहार्डने हातानेच थांब म्हटलं. खिशातून दुसरी कात्री काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"सुकलेले घड तेवढे काढ," तो म्हणाला. "काडीला हात लावायचा नाही."

वाल्डेमारने ओठाचं रक्त बाहीला पुसलं, कात्री घेतली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला.